रबाळे ते वागळे इस्टेट: डिस्क-टू-डिस्क बॅकअप कसा बसवायचा

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ड्रॉइंग ऑफिसमधल्या मुलानं जागा मोकळी करायची म्हणून एक फोल्डर उडवला. जुना समजून. जुना नव्हता तो. एका डायची सव्वातीनशे ड्रॉइंग होती त्यात. साडेचारला त्याच्या लक्षात आलं आणि तो माझ्याकडे आला तो हसतच. "मॅडम, वागळेला कॉपी आहे ना, तिथून काढून द्या." वागळे इस्टेटच्या आमच्या ऑफिसात रबाळ्याच्या कारखान्यातल्या स्टोरेजची जुळी प्रत होती, दर पंधरा मिनिटांनी जुळवून घेणारी. मी तिथे बघितलं. सव्वाचारला तिनंही तो फोल्डर इमानेइतबारे उडवला होता.

ड्रॉइंग मिळाली, कारण आदल्या रात्रीचा बॅकअप तिसऱ्याच डिस्कवर होता. त्या दिवसभराचं काम मात्र गेलं. संध्याकाळी मी सर्व्हर रूमच्या बोर्डवर लिहिलं: रेप्लिका म्हणजे आरसा, बॅकअप म्हणजे फोटो. खाली कुणीतरी भर घातली, "आरशासमोर मिशी उडवली तर आरशातल्याचीही उडते." ते वाक्य अजून पुसलेलं नाही.

आमची कंपनी मध्यम आहे. एकशे ऐंशी माणसं, टीटीसी एमआयडीसीत कारखाना, ठाण्यात ऑफिस, चार सर्व्हर, त्यांवर सव्वीस व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरच्या पोटात चालणारे वेगवेगळे संगणक) आणि सगळा मिळून ९ टीबी डेटा. याच्या आसपासच्या मापात बसणाऱ्यांसाठी, बॅकअप टेपवर न घेता दुसऱ्या डिस्कवर कसा घ्यायचा, हे लिहिते आहे. ऐरोली-महापेच्या मोठ्या डेटा सेंटरांत या प्रत्येक कामाला स्वतंत्र टीम असते. आमच्याकडे मी आहे, आणि एक मुलगा आहे जो प्रिंटरही बघतो.

आधी वही, मग खरेदी

वेंडरला फोन करण्याआधी शंभर पानी वही घ्या आणि विभागाविभागात जाऊन बसा. "तुमचा डेटा किती महत्त्वाचा?" असं विचारू नका, सगळे "खूप" म्हणतात. दोन वेगळे प्रश्न विचारा. पहिला: "आत्ता सर्व्हर गेला आणि मी तुम्हाला सकाळचा डेटा परत दिला, तर मधल्या एन्ट्र्या पुन्हा माराल का?" दुसरा: "किती वेळ काहीच उघडलं नाही तर गेटवर गाडी अडकेल?" पहिल्याच्या उत्तराला (किती वेळाचं काम गेलं तर चालेल) आमच्या धंद्यात आरपीओ म्हणतात, दुसऱ्याच्या उत्तराला (किती वेळ बंद चालेल) आरटीओ. (आरटीओ म्हटलं की आमच्या डिस्पॅचवाल्यांना अजूनही गाड्यांचं आरटीओ ऑफिसच आठवतं. मी त्यांच्याशी "बंद किती चालेल" एवढंच बोलते.)

उत्तरं मजेशीर येतात. अकाउंट्सचे काका म्हणाले, "एक दिवसाचं आम्ही पुन्हा मारू, व्हाउचर हातात असतात. पण वीस तारखेच्या आधीचे दोन दिवस हात लावायचा नाही." जीएसटीचं मासिक रिटर्न वीसला भरायचं असतं, म्हणून. डिस्पॅचला तासभरही चालत नाही. इनव्हॉइस आणि ई-वे बिल निघालं नाही की ट्रक ठाणे-बेलापूर रोडवर उभा. ड्रॉइंग ऑफिसला अर्धा दिवस. एचआर तीन दिवस गप्प बसेल. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मी बॅकअपमध्ये घेतच नाही.

काकांच्या "एक दिवसा"ला कायद्याचीही किनार आहे. हिशेबाची पुस्तकं संगणकावर ठेवणाऱ्या कंपनीला त्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. कंपनी लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये "ठरावीक काळानं" जाऊन "रोज" आलं. त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इननं (सायबर सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) काढलेल्या निर्देशांप्रमाणे लॉग, म्हणजे यंत्रांनी ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस जपायचे आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची. त्यामुळे फायरवॉलचे लॉगही माझ्या यादीत आहेत. पहिल्या वर्षी ते मी विसरले होते.

परत आणायला किती तास?

बहुतेक जण बॅकअप रात्रीत संपतो का एवढंच बघतात. मी हिशेब उलट्या बाजूनं करते. सगळं गेलं असं धरायचं आणि परत आणायला किती तास लागतील ते कागदावर मांडायचं. खरेदीची यादी त्यातून आपोआप निघते.

आमचा हिशेब असा झाला. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून प्रत्यक्षात सेकंदाला १०० एमबीच्या आसपास मिळतात. ९ टीबी म्हणजे ९०,००० सेकंद, म्हणजे २५ तास. डिस्पॅचनं सांगितलेला एक तास कुठे आणि हे कुठे! बॅकअपच्या खोक्यात (बॅकअपच्या डिस्क भरलेलं वेगळं मशीन) आणि सर्व्हरांमध्ये दहा गिगाबिटची कार्डं टाकली, एक छोटा स्विच घेतला. आता नेटवर्क अडवत नाही, डिस्क अडवतात. सेकंदाला ५०० एमबी मिळाले तरी सगळं ५ तासांत येतं. आणि डिस्पॅचचं मशीन पहिलं आणायचं असं ठरवून ठेवलं की ते तासाच्या आत उभं राहतं. बॅकअपच्या सगळ्या खर्चात त्या कार्डांनी सगळ्यात जास्त फरक पाडला, आणि कोटेशनमध्ये ती कुणीच लिहिलेली नव्हती.

रोज किती डेटा बदलतो तेही मोजा, अंदाज करू नका. दोन आठवडे इन्क्रिमेंटल (आदल्या बॅकअपनंतर बदललं तेवढंच घेणारा) बॅकअप घेऊन त्याचे आकार वहीत उतरवा. आमच्याकडे साध्या दिवशी १८० जीबी निघाले, महिनाअखेरीस ३००. फक्त सोमवारी पहाटे आकडा ७०० वर जायचा. रविवारी सुट्टी, माणूस कुणी नाही, मग डेटा बदलतो कोण? डेटाबेसचे इंडेक्स नव्यानं बांधण्याचं काम कुणीतरी रविवारी रात्री लावून ठेवलं होतं. आतली माहिती तीच, पण डिस्कवरचे ब्लॉक (साठवणीचे छोटे तुकडे) सगळे नवे, आणि ब्लॉक मोजणाऱ्या बॅकअपला ते बदललेलेच दिसणार. आता ते काम महिन्यातून एकदा होतं. विंडोजची पेज फाइल, तात्पुरत्या फायली, असलंही वगळा.

खोकं कसं असावं

बॅकअपच्या डिस्क चालू स्टोरेजच्या खोक्यातच एक वेगळा कप्पा करून ठेवू नका. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण मी हे तीन ठिकाणी बघितलंय. डिस्क चालवणारा कंट्रोलर गेला की मूळ आणि प्रत दोन्ही एकाच वेळी जातात.

आमच्या खोक्यात ८ टीबीच्या आठ डिस्क आहेत, रेड-६ मध्ये, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचेल अशा जोडलेल्या. दोन डिस्कची जागा पॅरिटीला (गेलेल्या डिस्कचा डेटा पुन्हा काढायच्या हिशेबाला) गेली की उरतात ४८ टीबी. संगणक १०२४ नं भागतो म्हणून तो साधारण ४३ दाखवतो. ऐंशी टक्क्यांच्या वर भरायचं नाही असं धरलं की हाताशी ३५. आता मागणी बघा. वर्षाला वीस टक्के वाढ धरली तर तीन वर्षांनी ९ चे साडेपंधरा होतात. एक पूर्ण प्रत, दुसरी तयार होत असताना लागणारी तेवढीच जागा आणि तीस दिवसांचे बदल मिळून ४० च्या घरात जातात. कॉम्प्रेशननं त्यातला एक तृतीयांश वाचतो. बसतं. नववी डिस्क स्पेअर म्हणून शेजारच्या बेमध्ये आहे, दहावी कपाटात.

पॅरिटीला एकच डिस्क देणारी रेड-५ का नाही, हे दरवेळी साहेबांना समजावावं लागतं, कारण एका डिस्कचा खर्च वाचतो ना! ८ टीबीची डिस्क नव्यानं भरायला, सेकंदाला २०० एमबी धरले तरी, अकरा तास लागतात. चालू कामात दीड-दोन दिवस. तेवढ्या वेळात उरलेल्या सात डिस्क शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे ५६ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १० चा १४ वा घात एवढ्या बिटांमागे एखादी न वाचता येणारी चूक लिहिलेली असते. ते होतात साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या वागतात, आणि एंटरप्राइज डिस्कसाठी आकडा दसपट चांगला असतो. पण एक डिस्क गेलेली असताना रेड-५ जवळ चूक पोटात घालायला काहीच उरत नाही. डिस्क घेताना सीएमआर (ट्रॅक सुटे, शेजारी-शेजारी) आहे ना, हे बिलावर लिहून घ्या. एसएमआर प्रकारात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे रेड नव्यानं भरताना त्या रांगायला लागतात.

शिवाय फाइल सिस्टीम अशी निवडा जी चेकसम (डेटा बिघडला तर ओळखू येणारी बेरीज) ठेवते, आणि महिन्यातून एकदा सगळं वाचून तपासायला लावा. महिनोन्महिने न वाचलेल्या बॅकअपमध्ये एखादा ब्लॉक गुपचूप सडतो. तो सापडायचा तर तपासणीत सापडावा, गरजेच्या दिवशी नको.

खोकं तळमजल्यावर ठेवू नका, एवढं तरी ऐका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मी दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीला होते. सर्व्हर पहिल्या मजल्यावर, ठणठणीत. टेपचं कपाट खाली, जिन्याजवळ. पाणी ओसरल्यावर मी एकेक टेप उचलून बघत होते. प्लास्टिकच्या आत गाळाची रेघ स्पष्ट दिसायची.

टेपला मी वाईट म्हणणार नाही. एलटीओ-८ च्या एका टेपवर १२ टीबी मावतात आणि कपाटातल्या टेपला कुठला व्हायरस पोचत नाही. पण टेपला एकसारखा धो-धो डेटा लागतो. तो तुटक आला की ड्राइव्ह थांबतो, मागे जातो, पुन्हा सुरू होतो. रात्रभर ती घरघर मी ऐकलेली आहे. आणि आमच्याकडे शंभरातल्या नव्वद वेळा मागणी असते ती एका फाइलची, कालच्या. डिस्कवरून ती दोन मिनिटांत देता येते.

रात्रीचं वेळापत्रक, आणि पेन ड्राइव्ह

आमच्याकडे पहिला बॅकअप पूर्ण घेतला, त्यानंतर रोज रात्री दहाला फक्त बदल. शनिवारी खोकं स्वतःच जुनी पूर्ण प्रत आणि आठवड्याचे बदल जोडून नवी पूर्ण प्रत तयार करतं. याला सिंथेटिक फुल म्हणतात. सर्व्हरवर त्याचा भार पडत नाही. सव्वीस मशीन एकदम सुरू करू नका. चारचारच्या गटांत लावा, नाहीतर रात्रपाळीचा सुपरवायझर फोन करतो.

डेटाबेसचं प्रकरण वेगळं. चालू डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलल्या तर तो बॅकअप म्हणजे वायर उपसल्यावरची अवस्था. बहुधा उठतो, कधी उठत नाही. विंडोजवर व्हीएसएसला (चालू फायलींची स्थिर प्रत काढणारी विंडोजची सोय) हाताशी धरून डेटाबेसला क्षणभर थांबायला सांगणारा, ज्याला अ‍ॅप्लिकेशन-कन्सिस्टंट म्हणतात, तो पर्याय चालू आहे ना ते प्रत्येक मशीनवर बघा. डिस्पॅचच्या एसक्यूएल सर्व्हरला, म्हणजे त्यांच्या डेटाबेसला, एवढंही पुरत नाही. त्याचा रात्री डिफरन्शियल आणि दर पंधरा मिनिटांनी लॉगचा (डेटाबेसनं ठेवलेल्या बदलांच्या नोंदींचा) बॅकअप.

यात एक खाच आहे, आणि मी तिच्यात पडलेली आहे. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा एक मुलगा अपग्रेडसाठी आला. काम चांगलं करणारा मुलगा. काही बिघडू नये म्हणून त्यानं आधी डेटाबेसचा पूर्ण बॅकअप आपल्या पेन ड्राइव्हवर घेतला, अपग्रेड केलं, चहा घेतला आणि डोंबिवलीला घरी गेला. पेन ड्राइव्ह खिशात. एसक्यूएल सर्व्हरचा हिशेब असा, की डिफरन्शियल हा शेवटच्या पूर्ण बॅकअपपासूनचा फरक असतो. शेवटचा पूर्ण बॅकअप आता त्याच्या खिशात होता. पुढचे पाच दिवस माझे डिफरन्शियल हिरव्या टिक मिळवत राहिले आणि माझ्याकडच्या पूर्ण प्रतीवर त्यांतला एकही बसत नव्हता. सुदैवानं लॉगची साखळी अशा बॅकअपनं तुटत नाही, म्हणून तारांबळ होऊनही वाट होती. हे कळलं तालमीत, त्याबद्दल पुढे. आता दारावरच सांगते: कुणालाही हातचा बॅकअप घ्यायचा असेल तर "कॉपी ओन्ली"वर टिक करून.

डीडुप्लिकेशनबद्दल थोडंसंच. सव्वीस मशीनवर तेच विंडोज असेल तर त्याचे ब्लॉक एकदाच साठतात, जागा भरपूर वाचते. पण फोटो, व्हिडिओ, आधीच झिप केलेलं किंवा एन्क्रिप्ट केलेलं काही असेल तर शून्य लाभ. माहितीपत्रकावरचं "वीस पट" वगैरे विसरा, स्वतःच्या डेटावर चालवून बघा. आणि चालवताना परतीचा वेगही मोजा, कारण तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात, एकेक गोळा करून आणावा लागतो. माझ्या चाचणीत परतीचा वेग निम्म्यावर आला. ताज्या आठवड्याचा बॅकअप मी म्हणून डीडुप न करता ठेवते, जुना डीडुप करून.

खाडीच्या अलीकडे-पलीकडे

आता रेप्लिकेशन. सिंक्रोनस म्हणजे दोन्हीकडे लिहिल्याशिवाय सर्व्हरला "झालं" म्हणायचं नाही. असिंक्रोनस म्हणजे इथे लिहून मोकळं व्हायचं, तिकडे मागाहून पोचतं. काचेच्या तारेत प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. रबाळे-वागळे तारेच्या वाटेनं १५ किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन ०.१५ मिलिसेकंद, चालण्यासारखं. नाशिकसारख्या लांबच्या जागेची तार दोनशे किलोमीटरची धरली तर २ मिलिसेकंद, मध्ये बसलेली उपकरणं वेगळी. एसएसडीवर लिहिणं मिलिसेकंदाच्या आत संपतं. त्याच्या प्रत्येक वेळी दोन मिलिसेकंद वाट बघायची म्हणजे डेटाबेस झोपला. म्हणून लांबसाठी असिंक्रोनसच. जवळसाठीही तुम्हाला सिंक्रोनस हवंच का, हे वहीतली उत्तरं बघून ठरवा. आमच्या डिस्पॅचला पंधरा मिनिटांच्या एन्ट्र्या गेलेल्या चालतात, म्हणून आम्ही तो खर्च केला नाही. केलात तर कुठली बाजू जिवंत हे ठरवणारा साक्षीदार तिसऱ्या जागी ठेवा. मधली तार तुटली की दोन्ही बाजू स्वतःला खरी समजतात, आणि दोन्हीकडे पडलेल्या एन्ट्र्या पुढे जुळवत बसावं लागतं.

लाइनचा हिशेब: १०० एमबीपीएसच्या लाइनवरून तासाला कागदावर ४५ जीबी, प्रत्यक्षात ३६ धरा. रोजचे १८० जीबी पाच तासांत जातात, कॉम्प्रेस करून तीन-साडेतीन. पहिले ९ टीबी मात्र अडीचशे तास, म्हणजे साडेदहा दिवस. पहिली प्रत त्यामुळे लाइनवरून पाठवू नका, हातानं न्या.

मी नेली. एन्क्रिप्ट करून दोन डिस्कवर घेतली, बबल रॅपमध्ये गुंडाळून पोरीच्या शाळेच्या जुन्या टिफिनबॅगेत घातली आणि दुपारी दोनची ट्रान्स-हार्बर लोकल धरली, कारण त्या वेळी बसायला जागा मिळते. रबाळे, ऐरोली, ठाणे, बॅग मांडीवर. ठाण्याला रिक्षा केली; वागळेच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला मी बॅग वर उचलत होते आणि रिक्षावाले काका आरशातून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "ताई, केक आहे का?" चार वाजता वागळेच्या खोक्याला डिस्क जोडल्या. संध्याकाळपासून लाइनवरून फक्त फरक जायला लागले. परतीलाही हेच लागू: रबाळे पूर्ण गेलं तर वागळेचा डेटा साडेदहा दिवस लाइनवरून ओढत बसायचा नाही, खोकंच गाडीत घालून आणायचं. ते कोण उचलेल, किल्ली कुणाकडे, हे लिहून ठेवलेलं आहे.

दोन जागा झाल्या म्हणून मी निर्धास्त होते, सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० पर्यंत. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मी कोपरीत घरी, हातात फोन. रबाळ्याचा जनरेटर लागला. वागळेला फक्त यूपीएस होता, तीस मिनिटांनी तो संपला. डेटा गेला नाही. पण मी नकाशा काढून बसले. दोन्ही जागांना पाऊस एकच, वीज एकाच दिशेनं येते, आणि मी जिला "दुसरी जागा" म्हणत होते ती खाडीच्या पलीकडची तीच जागा होती.

त्यामुळे तिसरं खोकं नाशिकला सातपूरच्या गोडाऊनमध्ये गेलं. तिथे मी रेप्लिका पाठवत नाही, बॅकअपच्या प्रती पाठवते, आणि त्यांची मुदत वेगळी आहे: बारा महिनाअखेरी आणि तीन वर्षअखेरी. इथे काही चुकून पुसलं तरी तिथली मुदत हलत नाही. दिवसा लाइनवर ३० एमबीपीएसची मर्यादा, रात्री मोकळी.

ज्याला मीही पुसू शकत नाही

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा डेटा पुसणारा व्हायरस आला तेव्हा त्याची झळ आपल्या जेएनपीटीलाही लागली. तिथल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम थांबलं. मर्स्कची जगभरातली दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) एकमेकांशी जुळवलेली होती, एक गेलं तर दुसरं आहेच या हिशेबानं. सगळी एकदम पुसली गेली. वाचलं एकच, घानातलं, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती. लोडशेडिंगला शिव्या घालताना मला हे अधूनमधून आठवतं.

वीज जाण्यावर विसंबायचं नसेल तर बॅकअपच्या खोक्याला बाकीच्यांपासून तोडा. ते डोमेनमध्ये नको. त्याचा पासवर्ड दुसऱ्या कुठल्याही मशीनचा नको. सर्व्हरनं खोक्यावर ढकलायचं असं न ठेवता खोक्यानं सर्व्हरकडून ओढून घ्यावं, म्हणजे सर्व्हर हातातून गेला तरी त्याच्याकडे खोक्याची किल्ली नसते. फायलींना चौदा दिवसांचं कुलूप लावा. त्या मुदतीत अ‍ॅडमिनलाही, म्हणजे मलाही, पुसता येत नाही. दोन भोकं बुजवायची राहतात. कुलूप घड्याळावर चालतं, घड्याळ पुढे ढकललं की उघडतं, म्हणून वेळ कुठून घ्यायची ते पक्कं करा. आणि सर्व्हरच्या मागचं लांबून चालू-बंद करायचं पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कला लावू नका. त्यातून आत आलेला माणूस कुलूप फोडायच्या भानगडीत पडत नाही, सरळ डिस्कच फॉरमॅट करतो.

त्याउपर दोन सुट्या डिस्क आहेत, आलटून-पालटून. शनिवारी एक लागते, सोमवारी निघून लोखंडी कपाटात जाते. डिस्कवर मार्करनं तारीख, कपाटावर सही. याहून स्वस्त काही नाही.

तालीम

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरकडून रात्री उशिरा दुय्यम सर्व्हरवरची फोल्डर पुसायची ती मुख्य सर्व्हरवरची पुसली गेली. ३०० जीबीतले साडेचार उरले. त्यांनी सगळं उघडपणे लिहून काढलं, म्हणून आपल्याला कळतं. रोजचा डेटाबेस बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे बनतच नव्हता, आणि तो फसल्याचे मेल पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी हातानं घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होता, त्यावर निभावलं.

फसल्याचा मेल येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून धरू नका. यशाचाही मेल रोज आला पाहिजे. माझ्याकडे सकाळी सव्वानऊला तो आला नाही तर चहाआधी सर्व्हर रूम.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तालीम असते. चिठ्ठ्या टाकून एक मशीन निघतं. ते बॅकअपमधून वेगळ्या, बाहेर न जोडलेल्या नेटवर्कवर उभं करायचं. बाहेर जोडलेलं राहिलं तर तालमीतलं मशीन खऱ्या गिऱ्हाइकांना मेल पाठवायला लागतं, हेही झालेलं आहे. घड्याळ लावायचं. आणि मशीन उठलं की मी "झालं" म्हणायचं नाही, ज्याचा डेटा त्यानं बसून बघायचं. अकाउंट्सचे काका ट्रायल बॅलन्स काढतात आणि आदल्या दिवशी छापून ठेवलेल्या कागदाशी ओळीनं ओळ, पेन्सिलीनं टिक करत जुळवतात. पेन ड्राइव्हचा घोळ असाच उघडा पडला. मशीन उठलं होतं, स्क्रीन हिरवी होती, काका म्हणाले, "यात सोमवारनंतरचं एकही बिल नाही."

वर्षातून एकदा मोठी तालीम. रबाळ्याचं काही वापरायचं नाही, वागळेच्या खोक्यावरून सगळं. पहिल्या वर्षी आम्ही वागळेला जाऊन बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांत अडकलो. बॅकअप कसा परत आणायचा याच्या पायऱ्या मी नीट टाइप केल्या होत्या, आणि ती फाइल रबाळ्याच्या सर्व्हरवर होती. एन्क्रिप्शनची किल्लीही तिथेच.

आता पायऱ्या कागदावर आहेत, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तिन्ही खोक्यांच्या दारावर आतून चिकटवलेल्या. किल्ली बंद पाकिटात, एक साहेबांच्या कपाटात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. दर एप्रिलला पाकीट फोडून त्या किल्लीनं सुटी डिस्क उघडून बघायची, नवं पाकीट करायचं, जोडावर सही करायची. यंदा साहेबांनी पाकीट काढलं तर ते आधीच फोडलेलं. त्यांना कपाटात स्टॅम्प सापडत नव्हते.